गाणें कोणाचें?

आपल्या बीड जिल्ह्यांत एखाद्याच्या शेतांतील कापूस रात्रींतून कोणी वेंचून नेला, तर सकाळीं गांवभर बोभाटा होतो. रितीं बोंडें पाहून चोरी झाली हें कोणासही कळतें. परंतु त्याच गांवांतील एखाद्या शाहिरानें चार रात्री जागून रचलेलें गाणें कोणी परस्पर उचललें, त्याचें ध्वनिमुद्रण केलें आणि त्यावर पैसा मिळविला, तर बोभाटा होत नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. कापूस गेला कीं शेत रितें होतें. गाणें गेलें तरी शाहिराच्या मुखांत तें जसेंच्या तसें राहतें. जी वस्तु नेली असतांही जागच्या जागीं राहते, तिची चोरी लोकांस चोरी वाटत नाहीं. आणि ज्याची चोरी झाली त्यासही आपलें काय गेलें हें पुष्कळदां नीट सांगतां येत नाहीं.

तें त्यास सांगतां यावें, म्हणून एक कायदा आहे. इंग्रजी भाषेंत त्या हक्कास कॉपीराइट म्हणतात. मराठींत स्वामित्वहक्क हा शब्द रूढ आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या आरंभीं ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे जे शब्द छापलेले असत, ती ह्याच हक्काची खूण होय. पुस्तकाच्या बाबतींत हा हक्क समजावयास सोपा आहे. गाण्याच्या बाबतींत मात्र तो अनेक पदरी आहे, आणि ते पदर विद्यार्थ्यांस उलगडून दाखवावे असा आमचा हेतु आहे. पूर्वीं ध्वनिमुद्रण करणें हें मोठ्या कंपन्यांचें काम होतें. आज तें यंत्र मोबाइलच्या रूपानें घरोघर आलें आहे. ज्याच्या हातीं यंत्र आलें, त्याच्या अंगावर कायद्याची जबाबदारीही आली, हें विसरून चालावयाचें नाहीं.

ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यापूर्वीं गाणें दोनच ठिकाणीं राहत असे, कागदावर किंवा कंठांत. कायदा कागदावरील गाण्यास ओळखत असे. कंठांतील गाण्यास ओळखत नसे. ग्रामोफोन आला आणि गाण्यास तिसरें घर मिळालें. सन १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग ह्यांनीं कलकत्त्यास येऊन येथील गायक-गायिकांचीं गाणीं मुद्रित केलीं, आणि पुढें तबकड्यांचा मोठा व्यापार सुरू झाला. तबकडी काढण्यास कवीची परवानगी हवी कीं नको, आणि एकाच्या तबकडीवरून दुसऱ्यानें तबकडी काढली तर काय, असे नवेच प्रश्न उत्पन्न झाले. इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यानें तबकडीसही हक्काच्या कक्षेंत घेतलें, आणि तोच कायदा कांहीं फेरफारांसह १९१४ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत लागू झाला. आपला जिल्हा तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. स्वतंत्र भारतानें आपला स्वतःचा कायदा १९५७ सालीं केला. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आला. त्या वेळीं बीड जिल्हा मुंबई राज्यांत येऊन चुकला होता. पुढें ह्या कायद्यांत अनेकदां दुरुस्त्या झाल्या. त्यांतील १९९४ व २०१२ च्या दुरुस्त्या गाण्याच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाच्या आहेत.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. लोक ज्यास ‘गाणें’ म्हणून एक वस्तु समजतात, ती कायद्याच्या दृष्टीनें एक नव्हे. एकाच वाड्यांत चार बिऱ्हाडें नांदावीं, तसें गाणें असतें. पहिलें बिऱ्हाड शब्दांचें. त्याचा धनी कवि. दुसरें चालीचें, त्याचा धनी संगीतकार. तिसरें ध्वनिमुद्रणाचें, मग तें तबकडीवर असो, फितीवर असो कीं मोबाइलमध्यें असो. तें ज्यानें आपल्या जबाबदारीवर करविलें तो निर्माता त्याचा धनी. चौथें बिऱ्हाड गायकाचें व वादकाचें. आपल्या गळ्यानें व हातानें त्यानें जो प्रयोग केला त्यावर त्याचा हक्क. हे चारही हक्क एकमेकांपासून वेगळे आहेत. एकाची परवानगी घेतली म्हणजे चौघांची मिळाली असें होत नाहीं. इतकेंच नव्हे, तर कवीचा किंवा संगीतकाराचा हक्क मोडून जें ध्वनिमुद्रण केलें असेल, त्यास कायदा मुळीं स्वामित्वहक्कच देत नाहीं. पाया दुसऱ्याच्या जागेंत घालून वर माडी बांधली, तर ती माडीही आपली होत नाहीं, तसेंच हें आहे.

हे हक्क मिळविण्यासाठीं कोठें नोंद करावी लागत नाहीं. नोंद करण्याची सोय आहे, आणि वाद उद्भवल्यास ती पुराव्यास उपयोगी पडते. परंतु हक्क जन्मतो तो रचनेबरोबरच. मात्र रचना स्वतःची हवी. यमन राग कोणाच्या मालकीचा नाहीं, केरवा ताल कोणाच्या मालकीचा नाहीं, पावसावर गाणें रचावें ही कल्पनाही कोणाच्या मालकीची नाहीं. त्या रागांत, त्या तालांत, त्या कल्पनेवर ज्यानें जे शब्द व जी चाल बांधली, तेवढें त्याचें.

ह्याचें उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहे. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हें गीत महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारलें. त्याचे शब्द राजा बढे ह्यांचे, चाल श्रीनिवास खळे ह्यांची, आणि आवाज शाहीर साबळे ह्यांचा. कायद्याप्रमाणें कवीचा व संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातींत राहतो, आणि मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून पुढें ६० वर्षें त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांस तो लिहून दिला असेल त्यांच्याकडे राहतो. राजा बढे १९७७ सालीं वारले. म्हणून शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत आहे. खळे २०११ सालीं वारले; म्हणून चालीवरील हक्क २०७१ च्या अखेरीपर्यंत आहे. मधलीं ३४ वर्षें अशीं जातील कीं, ज्यांत शब्द सर्वांचे झालेले असतील, पण चाल झालेली नसेल. ध्वनिमुद्रणाचा हिशेब आणखी निराळा आहे. तेथें कोणाच्याही मृत्यूचा संबंध नाहीं. तें ज्या वर्षीं प्रसिद्ध झालें, त्याच्या पुढील जानेवारीपासून ६० वर्षें मोजावयाचीं. १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही तबकडीवरील निर्मात्याचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. तथापि तीवरील शब्द व चाल ह्यांची मुदत उरली असेल, तर त्या तबकडीच्या प्रती काढण्यास अद्यापि परवानगी लागेल.

हीं ६० वर्षें आरंभापासून नव्हतीं. पूर्वीं मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ सालीं वारले. त्यांच्या वाङ्मयावरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपूं लागला, तेव्हां त्या निमित्तानें १९९२ सालीं दहा वर्षांची वाढ करण्यांत आली. ज्यांची मुदत आधींच संपली होती, त्यांस ही वाढ मिळाली नाहीं. रेव्ह. नारायण वामन टिळक १९१९ सालीं वारले. त्यांच्या पदांवरील हक्क १९६९ च्या अखेरीसच संपला. म्हणून तीं पदें आज कोणीही छापावीं, कोणीही गावीं. परंतु एखाद्या आधुनिक संगीतकारानें त्यांस नवी चाल लाविली असेल, तर ती चाल त्याची. आणि कोणी त्यांचें नवें ध्वनिमुद्रण केलें असेल, तर तें त्याचें. पद मोकळें आहे म्हणून त्याची प्रत्येक ध्वनिमुद्रिका मोकळी आहे असें समजूं नये.

चालीविषयीं येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या पदसंग्रहांत प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असें लिहून, तें ज्या पदाप्रमाणें म्हणावयाचें त्याचा निर्देश करीत. उसनें घेतलें तें उसनें म्हणून सांगण्याची ती प्रामाणिक रीत होती. आज जयंतीच्या मिरवणुकींत, निवडणुकीच्या प्रचारांत आणि भजनी मंडळांतही चित्रपटांतील चाल घेऊन तीवर नवे शब्द बसवितात. नवे शब्द बसविणारा त्या शब्दांचा धनी होतो. चालीचा होत नाहीं. चालीची मुदत संपली नसेल, तर असें गाणें ध्वनिमुद्रित करून विकण्यास मूळ धन्याची परवानगी लागते. नुसतें नांव दिल्यानें भागत नाहीं.

एकदां प्रसिद्ध झालेलें गाणें त्याच शब्दांत व त्याच चालींत पुन्हां दुसऱ्या गायकाकडून म्हणवून घेण्यास मात्र कायद्यानें एक वाट ठेविली आहे. पहिलें ध्वनिमुद्रण ज्या वर्षीं झालें, त्या वर्षाच्या अखेरीपासून पांच वर्षें थांबावें लागतें. मग आगाऊ सूचना देऊन व मानधन आगाऊ भरून नवें ध्वनिमुद्रण करतां येतें. वेष्टनावर तें मूळचेंच गाणें आहे असा भास होऊं देतां कामा नये.

आतां कवीनें किंवा शाहिरानें आपला हक्क दुसऱ्यास दिला तर काय होतें, तें पाहूं. गरीब मनुष्याचें नुकसान बहुधा ह्याच ठिकाणीं होतें. हातीं थोडे रुपये येतात, पुढें कागद येतो, आणि सही होते. कायदा म्हणतो कीं, हक्काचें हस्तांतर लेखी व सहीचें असल्यावांचून खरें नव्हे. कोणतें गाणें, कोणते हक्क, किती वर्षें, कोणत्या प्रदेशांत व किती मोबदल्यावर दिले, हें त्या कागदांत स्पष्ट असावें लागतें. वर्षें लिहिलीं नसतील तर तीं पांचच धरावयाचीं; प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरावयाचा. घेणाऱ्यानें एक वर्षाच्या आंत त्या हक्काचा उपयोग केला नाहीं, आणि कागदांत निराळें कांहीं ठरलें नसेल, तर तो हक्क परत येतो. सन २०१२ च्या दुरुस्तीनें ह्यापुढें एक पाऊल टाकलें. गीताचा कवि व संगीतकार ह्यांनीं सर्व कांहीं लिहून दिलें, तरी ध्वनिमुद्रणाच्या पुढील उपयोगांतून मिळणाऱ्या मानधनांतील त्यांचा बरोबरीचा वांटा त्यांजपासून सुटत नाहीं. तो सोडून देण्याचा करार केला तरी तो व्यर्थ होय. हा वांटा वारसांस देतां येतो, किंवा वसुलीसाठीं कवि-संगीतकारांच्या संस्थेकडे सोंपवितां येतो. अशी एक संस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, मुंबईस १९६९ सालीं स्थापन झालेली आहे.

ही दुरुस्ती कागदावरच राहिली काय, असें कोणी विचारील. रेडिओ केंद्रें ध्वनिमुद्रण वाजवितांना निर्मात्यास पैसे देत. कवि-संगीतकारांस निराळे पैसे देण्याचें कारण नाहीं असें त्यांचें म्हणणें होतें, आणि २०११ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तें मान्यही केलें होतें. दुरुस्तीनंतर तोच वाद पुन्हां त्याच न्यायालयापुढें आला, आणि एप्रिल २०२३ मध्यें निकाल उलट लागला: ध्वनिमुद्रण वाजलें कीं त्यांतील शब्द व चालही वाजते, म्हणून कवि-संगीतकारांस त्यांचें मानधन मिळालें पाहिजे. बारा वर्षांत पारडें फिरलें तें कायदा बदलल्यामुळें.

गायकाची कथा ह्याहून लांब आहे. १९५७ च्या कायद्यानें कवीस ओळखलें, संगीतकारास ओळखलें, निर्मात्यास ओळखलें. ज्याच्या गळ्यावर सारा डोलारा उभा, त्या गायकास मात्र कांहींच दिलें नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत लता मंगेशकर ह्यांनीं गायकांसही ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नांत वांटा मिळावा असा आग्रह धरिला. महंमद रफी ह्यांचें मत निराळें होतें. गाण्याचा मेहनताना एकदां घेतला म्हणजे गायकाचा संबंध संपला असें ते मानीत. ह्या मतभेदापायीं दोघांनीं कांहीं वर्षें एकत्र गाणीं म्हटलीं नाहींत. कायद्यानें लताबाईंच्या बाजूस येण्यास पुष्कळ काळ घेतला. १९९४ सालीं प्रयोगकर्त्याचा हक्क प्रथम कायद्यांत आला. आज त्याची मुदत ५० वर्षांची आहे. २०१२ सालीं त्यास जोड मिळाली, आणि व्यापारी उपयोगांत मानधनाचा वांटा व स्वतःच्या नांवाचा उल्लेख हीं गायकांस मिळालीं. आतां तर यंत्रास गायकाचा आवाज शिकवून, त्यानें न गाइलेलें गाणें त्याच्या आवाजांत काढतां येऊं लागलें आहे. गायक अरिजित सिंग ह्यांनीं ह्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हां जुलै २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यांचा आवाज असा वापरण्यास अंतरिम मनाई केली.

तर मग कोणीं कोणाचें गाणें म्हणूंच नये काय? तसें मुळींच नाहीं. कायदा हा कुंपणासारखा असला, तरी त्यास वाटा ठेविलेल्या आहेत. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं, अभ्यासासाठीं किंवा टीकेसाठीं वाजवी वापर करण्यास मोकळीक आहे. शाळेच्या कार्यक्रमांत शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनीं गाणें म्हणावें किंवा ध्वनिमुद्रण वाजवावें, आणि श्रोते शाळेचेच विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशीं संबंधित मंडळी असावी, ह्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. म्हणून आपलें स्नेहसंमेलन निर्धास्तपणें व्हावें. परंतु त्याच संमेलनाचें चित्रण करून कोणी तें यूट्यूबवर साऱ्या जगापुढें मांडलें, तर श्रोते शाळेपुरते उरले नाहींत, आणि सवलतही उरली नाहीं. अमुक इतके सेकंद वाजविलें तर चालतें अशी एक समजूत मुलांत आढळते. कायद्यांत असा कोणताही आंकडा नाहीं.

लग्नाच्या बाबतींतही सवलत आहे. धार्मिक विधि, लग्नाची वरात आणि लग्नाशीं संबंधित समारंभ ह्यांत वाजविलेल्या गाण्यांस मानधन लागत नाहीं, असें कायद्याचें कलम आहे, आणि केंद्र शासनानें जुलै २०२३ मध्यें त्याची जाहीर आठवण करून दिली. गोवा शासनानें जानेवारी २०२४ मध्यें ह्याच विषयावर परिपत्रक काढलें. तें मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें ऑगस्ट २०२४ मध्यें रद्द केलें. कलम आपल्या जागीं कायम आहे. मात्र कायद्यानें दिलेली सूट परिपत्रकानें रुंद करतां येत नाहीं, हा त्या निकालाचा बोध होय. ह्या सवलतींच्या बाहेर जाऊन जाणूनबुजून हक्कभंग करणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. केवळ फायद्यासाठीं केलेला अपराध नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करूं शकतें.

आतां ह्या कायद्याची जी बाजू आपल्या भागास सर्वांत जवळची, तिच्याकडे येऊं. अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं पदें रचलीं. तीं आज सर्वांचीं आहेत, आणि त्यांचा कर्ता कोण हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जात्यावर बसून आमच्या आज्यांनीं व पणज्यांनीं ज्या ओव्या गाइल्या, त्यांचा कर्ता कोण? एकीनें एक चरण रचला, दुसरीनें तो सासरीं नेला, तिसरीनें त्यांत आपल्या भावाचें नांव घातलें. ज्यास एक कर्ता नाहीं व ज्याची मुदत मोजावयास मृत्यूचें साल नाहीं, त्यास स्वामित्वहक्काचा कायदा धरूं शकत नाहीं. त्यांतही १९९४ पर्यंत चालीची व्याख्याच अशी होती कीं, ती छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीनें कागदावर उतरविलेली असली तरच ती चाल! ज्या शाहिरास स्वरलिपि येत नव्हती आणि ज्या बाईस अक्षर येत नव्हतें, त्यांची चाल त्या व्याख्येच्या दाराबाहेर उभी होती. १९९४ सालीं ती अट निघाली. आतां चाल कंठांत असली तरी ती चालच आहे.

ओवीस धनी नसला, तरी ओवी गाणाऱ्या आवाजास धनी आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जी बाई गाते ती प्रयोगकर्ती होय. तिच्या संमतीवांचून तिच्या गाण्याचें ध्वनिमुद्रण करून तें विकणें हा तिच्या हक्काचा भंग होय. हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ ह्यांच्या पुढाकारानें महाराष्ट्रांत एक लाखांहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांतील पुष्कळांचें ध्वनिमुद्रण १९९० नंतरच्या दशकांत झालें. आपल्या जिल्ह्यांतील माजलगांवच्या भीमनगरांतील स्त्रियांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गाइलेल्या ओव्याही त्या संग्रहांत आहेत. ‘पारी’ ह्या संस्थेनें तो संग्रह लोकांपुढें ठेवितांना ओवीबरोबर गाणारणीचें नांव व गांव दिलें आहे. कायदा जेथें अपुरा पडतो, तेथें सभ्यपणानें काय करावें ह्याचा हा धडा आहे.

नांव देण्याची ही रीत आपणांस परकी नाहीं. संतांनीं अभंगाच्या शेवटीं आपली नाममुद्रा घातली. शाहिरांनींही पोवाड्याच्या व लावणीच्या अखेरीस आपलें नांव गोंविलें. पैशाची अपेक्षा नसली, तरी हे शब्द माझे आहेत, ह्यांचें बरें-वाईट माझ्या माथीं, एवढें सांगणें त्यांस आवश्यक वाटलें. आजचा कायदाही हेंच म्हणतो. हक्क विकला तरी कर्त्याचें नांव त्यास लाविलें गेलें पाहिजे, आणि त्याच्या कीर्तीस बाध येईल असा फेरफार त्याच्या रचनेंत होतां कामा नये, हा अधिकार विक्रीनंतरही कर्त्याकडेच राहतो. कायद्यांतील हें कलम विलायती वळणाचें दिसत असलें, तरी त्याचा अर्थ नाममुद्रेच्या रूपानें महाराष्ट्रास शतकानुशतकें ठाऊक आहे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे. एखादें गाणें मोबाइलमध्यें घेऊन पुढें धाडण्यापूर्वीं चार प्रश्न मनास विचारावे: शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, आणि ध्वनिमुद्रण कोणाचें? उत्तर ठाऊक नसेल तर शोधावें. सांपडेल तें नांव लिहावें. परवानगी लागत असेल तेथें ती मागावी. आणि तुमच्यापैकीं कोणी पुढें कवि किंवा गायक झाला, तर पुढें आलेला कागद पुरता वाचल्यावांचून त्यावर सही करूं नये. ऊसतोडीस जाणारा मजूरही कोयता उचलण्यापूर्वीं उचल किती व मजुरी किती हें विचारून घेतो. गाणें रचणारानें तेवढें विचारण्यास लाजण्याचें कारण नाहीं.